शिंगांचा पुसलेला रंग

जर्मनीत ड्रेस्डेनजवळ मोरित्झबुर्ग महाल आहे. तिथे १६९६ मध्ये मारलेल्या हरणाची ६६ टोकांची शिंगं आजही बघायला मिळतात. युरोप-अमेरिकेतले शिकारी आता घरीच कवटी साफ करून शिंगांसकट भिंतीवर लावतात. (आपल्याकडे हरणाची शिकार गुन्हा आहे, हे लक्षात असू द्या.)

कवटी पांढरी करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. ते १८१८ मध्ये लुई थेनार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने शोधलं. पण ते शिंगांना लागलं, की बुडाशी पांढरे डाग! कारण ही शिंगं म्हणजे हाडच. वाढताना त्यावर मखमली कातडी असते. ती सुकली की हरीण शिंगं झाडांवर घासतं. वाळलेलं रक्त आणि सालीचा रस मिळून तपकिरी रंग चढतो, तोही वरवर.

दुरुस्तीला येतं पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे आपल्याकडे विहिरीत टाकायचे ते जांभळे खडे. पातळ द्रावण ब्रशने लावायचं. मँगनीज डायऑक्साइड मागे उरतो आणि जांभळ्याचा तपकिरी होतो.

रंग परत येतो. पण हरणाने कोणत्या झाडांवर शिंगं घासली, ती नोंद गेली ती गेलीच. तिला अनडू नाही. म्हणून पेरॉक्साइडची बाटली उघडण्याआधी शिंगांना प्लास्टिक गुंडाळणं, हीच खरी दुरुस्ती.