महारोहिणी आणि कापडाचा तुकडा

नाशिक जिल्ह्यातला येवला पैठणीसाठी आणि मालेगाव यंत्रमागांसाठी आपल्या परिचयाचे आहे. शल्यचिकित्सेच्या इतिहासातही कापडाला मानाचे स्थान आहे, ते कसे ते पाहू.

पोटातल्या महारोहिणीचा व्यास सुमारे २ सेंमी असतो. उतारवयात काहींची महारोहिणी कमकुवत होऊन फुगते. फुगा जितका मोठा, तितका भिंतीवरचा ताण जास्त. म्हणून तो वाढतच जातो. तो फुटला, तर बहुतेक रोगी रुग्णालयात पोचण्याआधीच दगावतात. पोट उघडून फुग्याच्या वरच्या बाजूस चिमटा लावला की रक्तस्राव थांबतो. पण मग पायांकडे जाणारा रक्तमार्ग जोडायचा कशाने?

१८९४ साली लिऑन शहरात सुऱ्याच्या वाराने फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांची यकृताकडे जाणारी नीला कापली गेली. ती शिवता न आल्याने ते वाचले नाहीत. तिथल्याच अलेक्सी कारेल या तरुणाने भरतकाम करणाऱ्या बाईंकडून नाजूक टाके शिकून घेतले. १९०२ मध्ये त्याने रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

टाका मिळाला, पण ठिगळ नव्हते. १९४८ मध्ये आइन्स्टाइन यांच्या महारोहिणीचा फुगा डॉ. निसेन यांनी सेलोफेनमध्ये गुंडाळला. १९५१ साली पॅरिसमध्ये दुबोस्त यांनी असा फुगा काढून तिथे मृत व्यक्तीची रोहिणी बसवली. १९५३ मध्ये अमेरिकेत बान्सन यांनी फुटलेल्या फुग्यावरही हा उपाय यशस्वी केला. पण ऐन वेळी मृताची रोहिणी हाताशी असेलच कशी?

उत्तर एका धाग्यात होते. न्यूयॉर्कच्या व्हूर्हीस यांना १९४७ साली, कुत्र्याच्या हृदयात राहिलेल्या रेशमी धाग्यावर चकचकीत अस्तर चढलेले दिसले. धाग्यावर अस्तर चढते, तर विणीवर का चढू नये? त्यांनी कृत्रिम कापडाच्या नळ्या शिवल्या. ह्यूस्टनच्या डिबेकी यांना दुकानात नायलॉन मिळाले नाही, म्हणून त्यांनी डेक्रॉन आणले आणि पत्नीच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. विणीच्या बारीक छिद्रांत रक्त गोठते, पुढे शरीराच्या ऊती शिरतात आणि नळी पक्की बसते.

एप्रिल १९५५ मध्ये आइन्स्टाइन यांचा फुगा फुटला. शस्त्रक्रिया सुचवली गेली. त्यांनी ती नाकारली. १८ एप्रिलला ते गेले. १९९० साली पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतल्या रोहिणीतून नळी आत नेली. तिच्यातही कापड होतेच.

डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, आपल्या टेरिकॉटमधला धागा. शिक्षकांनी त्याचा तुकडा मुलांना भिंगाखाली दाखवावा, असे आम्हांला वाटते. उभ्या-आडव्या धाग्यांमधली ती छिद्रे पाहिली, की रबरी नळी इथे का चालत नाही, याचे उत्तर मुले स्वतःच शोधू लागतील.