वीस नंबरचे सूत आणि साडेतीन टक्के

इंदूरमधल्या जुन्या मराठी घरांत मिलच्या भोंग्याच्या आठवणी अजून निघतात. मालवा मिल हे नाव आता चौकापुरते उरले. मी राज्य सरकारच्या कर खात्यात कारकुनी करतो. माल कोणत्या रकान्यात बसतो त्यावर कर ठरतो, हे आमचे रोजचे काम. याच रकान्यांनी एकेकाळी देशाचे राजकारण तापवले होते, त्याची ही हकिगत.

मुंबईत 1854 साली कावसजी दावर यांनी कापड गिरणीचा पाया घातला आणि पुढे गिरण्या वाढत गेल्या. लँकेशायरच्या गिरणीमालकांना ते सलू लागले. भारतात येणाऱ्या विलायती कापडावरची जकात काढा, असा धोशा त्यांनी लावला. 1879 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी आपल्या कौन्सिलातील बहुमत डावलून जाड्याभरड्या विलायती कापडाची जकात माफ केली आणि 1882 मध्ये उरलेलीही गेली.

पुढे चांदी घसरली, रुपयाचा भाव पडला आणि सरकारी तिजोरीत खड्डा पडला. मार्च 1894 मध्ये आयात मालावर 5 टक्के जकात पुन्हा बसली, पण त्यातून सुती कापड वगळले! आपल्याकडे ओरड झाली, तेव्हा डिसेंबरमध्ये कापडावरही 5 टक्के आले. मात्र लँकेशायरच्या समाधानासाठी, देशी गिरण्यांत निघणाऱ्या 20 नंबरच्या वरच्या सुतावरही तेवढाच अबकारी कर लावला.

हा नंबर म्हणजे काय? 840 यार्डांची एक लडी. एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतील तितका सुताचा नंबर. 20 नंबर म्हणजे पौंडात 16,800 यार्ड. नंबर जितका मोठा, तितके सूत तलम.

लँकेशायरचा माल बहुतेक तलम, आपल्या गिरण्यांचा बहुतेक जाडाभरडा. त्यामुळे 20 ची रेघ आपल्याला फारशी बोचत नव्हती. नेमके हेच तिकडे खुपले. फेब्रुवारी 1896 मध्ये नवा कायदा आला. सुतावरचा कर गेला, विलायती कापडाची जकात 5 वरून साडेतीन टक्क्यांवर आली आणि देशी गिरण्यांत विणलेल्या सगळ्याच कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली. हातमाग तेवढा सुटला.

आता हिशेब पाहा. तलम विलायती कापड नेसणाऱ्या सुखवस्तू माणसाचा कर कमी झाला. जाडेभरडे नेसणाऱ्या शेतकऱ्याच्या धोतरावर मात्र नवा कर आला, आणि त्या धोतराची लँकेशायरशी स्पर्धा जवळजवळ नव्हतीच! टिळकांनी 'केसरी'तून यावर टीकेची झोड उठवली आणि महाराष्ट्रात विलायती कापडावर बहिष्काराची हाक उठली. वंगभंगाच्या चळवळीला तेव्हा अजून नऊ वर्षे अवकाश होता. 1893 मध्ये पुण्यात सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सवही याच काळातला. लोक एकत्र जमू लागले होते आणि बोलायला विषयही होता.

1917 मध्ये आयात जकात साडेसात टक्के झाली, तरी अबकारी हटली नाही. 1925 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि कामगार संपावर गेले. डिसेंबरात सरकारने अबकारी तहकूब केली, मालकांनी कपात मागे घेतली आणि संप मिटला. 1926 मध्ये हा कर कायमचा गेला. रकान्यातली एक रेघ कामगाराच्या पगाराच्या पाकिटापर्यंत कशी पोहोचते, ते इथे दिसले.

आजही जकातीच्या कोष्टकात 85 टक्के किंवा अधिक कापूस असलेले कापड चौरस मीटरला 200 ग्रॅमपर्यंत असेल तर 5208 मध्ये आणि त्याहून जड असेल तर 5209 मध्ये जाते. कारकुनाला ते आकडेच दिसतात. पण प्रत्येक रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे कुणाचे तरी पोट असते. भोंग्यावर दिवस मोजलेल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.