कुंडीतील राफिस आणि इंदूरचे खत

माड-पोफळींच्या सावलीत वाढलेल्या आमच्या समाजबांधवांना माळव्याच्या कोरड्या हवेत ती हौस कुंडीतील राफिसवर भागवावी लागते. हा ठेंगणा ताड मूळचा दक्षिण चीनमधला. जपानात त्यास करुणेची देवता कॅनन हिच्या नावाने ओळखतात. पावसाळ्याच्या आरंभी बुंध्याशी आलेला, मुळे धरलेला फुटवा वेगळा करून लावावा व सावलीत ठेवावा. मात्र माळव्याची नुसती काळी माती पाणी धरून मुळे कुजविते. तीत वाळू व मुरलेले खत मिसळलेच पाहिजे.

त्या खताचे शास्त्र इंदुरातच सिद्ध झाले, हे आम्ही विसरतो. 1924 ते 1931 या काळात येथील वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राची माती व राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत सिद्ध केले. 1931 च्या त्यांच्या ग्रंथाचे सहलेखक होते यशवंत वाड. 'इंदूर पद्धती' जगभर गेली. वाडांचे नाव मात्र मागे राहिले. कुंडी भरताना आपण तरी त्यांचे स्मरण ठेवू या.