करंट की पेट्रोल?

उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं, भीमेकाठचं जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं आणि गाव पुणे-सोलापूर रस्त्याजवळ नव्याने वसलं. तेव्हा या रस्त्यावर बंद पडणारी मोटार बहुधा फियाट नाहीतर अँबॅसेडर असे, आणि पुष्कळदा ती रस्त्याकडेलाच दुरुस्त होई. याचं श्रेय आपण सवयीने जुगाडाला देतो. मला ते पटत नाही. ही कला घडवली सरकारी धोरणाने. 1953 साली केंद्राने नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना दार बंद केलं, तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. उरलेल्या मोजक्या देशी कंपन्यांपैकी प्रीमियर ही वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली. पळसदेवच्याच इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं. प्रीमियरची फियाट पुढे पद्मिनी झाली, पण 1,089 सीसीचं इंजिन तेच राहिलं. ग्राहकाला ही शिक्षाच होती. मात्र बापाने शिकलेलं मुलाच्या गाडीलाही लागू पडे.

चालती गाडी अचानक बंद पडली की प्रश्न दोनच: करंट येतो का, पेट्रोल येतं का? प्लगची वायर काढून टोक बॉडीजवळ धरायचं आणि सेल्फ मारायला सांगायचं. निळी ठिणगी उडाली तर पेट्रोलकडे वळायचं. भर उन्हात पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली असेल तर पंपावर ओलं फडकं पुरे. ठिणगी नसेल तर डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडायची, गाडी टॉप गिअरला टाकून आतले पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत हळूच ढकलायची आणि पॉलिश पेपरने काळा थर घासायचा.

यंत्रच साधं होतं, त्यात कसली कला, असं कुणी म्हणेल. पण घासलेले पॉइंट लगेच पुन्हा जळाले तर दोष पॉइंटचा नसून कंडेन्सरचा, हे यंत्राकडे बघून कळत नाही. तीच चूक अनेकांनी अनेकदा केल्यावर कळतं. आणि मॉडेल बदलत नसेल तरच हा अनुभव साठतो. स्टँडर्डची हेरल्डही साधीच होती, पण तिचं उत्पादन सत्तरच्या दशकात थांबलं आणि तिच्या खोडी जाणणारे पांगले. हे ज्ञान कॉम्प्युटरने मारलं, हा दुसरा आक्षेपही अर्धाच खरा. 1983 ची मारुती 800 सुद्धा कार्बोरेटरवरच चाले. खरा तडा 1993 मध्ये मोटारींचं परवाना बंधन उठल्यावर गेला. मॉडेलं इतकी आली की एकाची ओळख दुसऱ्याला पुरेना. (त्या गाड्या चांगल्या होत्या, हेही कबूल करावं लागेल.)

आजच्या गाडीतल्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनरही सगळं सांगत नाही. तो ‘मिसफायर’चा कोड दाखवतो, दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा, ते शोधावंच लागतं. कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावायची आणि कोड तिच्या मागे जातो का ते पाहायचं, एवढं काम आजही अंगणात होतं. अर्थात, बॉनेट उघडल्यावर कॉइल हाताला लागत असेल तर.