बारा अंशांवरून बावीस

सिअ‍ॅटल, २८ जून २०२१. अमेरिकेच्या वायव्य भागावर ‘हीट डोम’, म्हणजे अडकून पडलेल्या गरम हवेचा घुमट, ठाण मांडून बसलेला. हा उष्मा खरा; पुढची टाकी प्रातिनिधिक. ३०० लिटर समुद्राचं पाणी, १२ अंशांवर लावलेला चिलर आणि आत शहराजवळच्या प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्यातल्या थंड पाण्यातले जीव: समुद्रपुष्पं, तारामासा, छोटे स्कल्पिन मासे. घरात एसी नाही.

सकाळी ६. खोली २८ अंशांवर. पाणी १२ अंशच, पण चिलर रात्रभर थांबलेला नाही. धोक्याची पहिली खूण हीच. थर्मामीटर मात्र सगळं ठीक असल्याचं दाखवतोय.

सकाळी १०. चिलर पाण्यातली उष्णता काढतो आणि खोलीतच सोडतो. तो टाकीखालच्या बंद कपाटात आहे, त्यामुळे स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. पाणी १३.

दुपारी १. कॉम्प्रेसर तापून आपोआप बंद पडतो. जरा निवला की सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. पाणी १४. पंप चालूच, त्याचीही उष्णता पाण्यातच उतरते.

दुपारी ३. पाणी १६. इथून सुरुवातीला तासाला साधारण एक अंश चढणार. बर्फाच्या बंद बाटल्या सोडल्या, तर एक किलो बर्फ ३०० लिटर पाण्याला जेमतेम एक तृतीयांश अंश उतरवतो. म्हणजे चढ नुसता रोखायलाही तासाला तीन किलो बर्फ हवा. घरच्या फ्रीझरमध्ये एवढा बर्फ कुठून असणार?

सायंकाळी ५. विमानतळावर पारा ४२ अंशांवर, शहराचा विक्रम. पाणी १८. समुद्रपुष्पं मिटली, अंगावर चिकट स्राव. त्या दुपारी, प्युजेट साउंड ज्याचा भाग आहे त्या सेलिश समुद्राच्या ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवरही शिंपले भाजून निघत होते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे ख्रिस हार्ली यांनी त्या उष्म्यात मेलेल्या किनारी जीवांचा अंदाज नंतर शंभर कोटींहून अधिक असा मांडला.

रात्री ८. पाणी २०. दहा अंशांच्या समुद्रपाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, वीस अंशांना साडेसातच. उलट दहा अंश वाढले की थंड रक्ताच्या जीवांची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवताहेत.

रात्री १०. तारामाशाची काचेवरची पकड सुटते. पहिलं समुद्रपुष्प मरतं, सडू लागतं. ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन ओढतात. अमोनिया वाढतो, आणि ऊन पाण्यात त्यातला विषारी अंशही जास्त. पाणी गढूळ.

रात्री ११. पाणी २२. आता एका जिवाचा मृत्यू दुसऱ्याच्या मृत्यूचं कारण होतोय.

ही टाकी वाचवण्याची वेळ रात्री आठची नव्हती, दुपारी तीनचीही नव्हती. ती सकाळी सहाची होती: कपाटाची दारं उघडायची, चिलरची गरम हवा खिडकीबाहेर काढायची, काचांना थर्माकोल लावायचा, दिवे आणि खाणं बंद ठेवायचं, हवेचा पंप जोडायचा, दुकान उघडताच पोत्यांनी बर्फ आणायचा. खरं तर त्याहीआधी, चिलर विकत घेतानाच. त्याची ताकद रोजच्या हवामानावर नव्हे, तर त्या खोलीच्या सर्वांत वाईट दिवसावर जोखली पाहिजे. एवढी तयारी नसेल, तर या जीवांना त्यांच्या समुद्रातच राहू द्यावं.