किल्ली हरवलेले साहित्य

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. तिथले जुने पुस्तक हाती घेतले की पाने पिवळी दिसतात, कडा मोडतात. पण पुस्तक उघडते. त्याचा प्रकाशक कधीच काळाआड गेला असला, तरी वाचायला त्याची परवानगी लागत नाही. याच ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात २००३च्या सुमारास विकत घेतलेली गेमची सीडी आज नव्या कॉम्प्युटरला ड्राइव्ह जोडून घालून पाहा. सीडीवर एक ओरखडा नसेल, तरी गेम सुरू होईलच असे नाही. वीस-बावीस वर्षांची वस्तू शंभर वर्षांच्या पुस्तकाआधी मुकी का झाली, याचा उलगडा करणारे कागद टिकून आहेत. ते एकापुढे एक ठेवून वाचले पाहिजेत.

पहिला पुरावा गेमच्या खोक्याचा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत यादी असे: विंडोज ९८, एमई, २०००, एक्सपी, प्रोसेसर एवढा, रॅम एवढी. लिनक्स या दुसऱ्या प्रणालीचे नाव क्वचितच. पुस्तिकेच्या मागच्या पानावर नाहीतर सीडीच्या डबीवर सीडी-कीचे स्टिकर, आणि खेळताना मूळ सीडी ड्राइव्हमध्ये असावी अशी सूचना. डोंबिवलीचा मुलगा दादरला लोकल बदलून ग्रँट रोड गाठे, लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेई आणि घरी कॉम्प्युटर असेंबल होई. त्यावर कोणती प्रणाली चालवायची, हे त्याच्याच हाती होते. संगणक मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी येत. २००३ साली तर ‘लिनक्स फॉर यू’ हे स्वतंत्र मासिकच भारतात निघाले. पण पैसे मोजून घेतलेला गेम लिनक्सवर चालवायचा म्हटला, की खोक्यामागची ती यादी आडवी येई.

खरी अडचण सीडीच्या आत होती. कॉपी केलेल्या सीडी त्या काळी सर्रास विकल्या जात. वर्षानुवर्षे राबून गेम करणाऱ्यांचे गाऱ्हाणे खरे होते. त्यावर निघालेल्या उपायांपैकी मॅक्रोव्हिजन कंपनीचे ‘सेफडिस्क’ फार पसरले. सीडी छापतानाच तिच्यावर काही जागी मुद्दाम सदोष खुणा ठेवल्या जात. साध्या सीडी रायटरला त्या हुबेहूब उतरवता येत नसत. गेम सुरू करताच एक छोटा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात शिरून त्या खुणा तपासे. खुणा सापडल्या तर गेम चाले, नाही तर नाही. म्हणजे गेम तुमच्या हातात आणि कुलूप दुसऱ्याच्या घरात, अशी ही व्यवस्था होती.

दुसरा कागद त्या दुसऱ्या घरातला आहे. ८ सप्टेंबर २०१५ रोजी मायक्रोसॉफ्टने एमएस१५-०९७ या क्रमांकाची सुरक्षा सूचना काढली. तिच्यासोबतच्या अपडेटने व्हिस्टापासून ८.१पर्यंतच्या विंडोजमधला हा ड्रायव्हर बंद झाला. त्याच वर्षी जुलैत आलेल्या विंडोज १०मध्ये तो ठेवलेलाच नव्हता. गाभ्यात बसलेले परके कुलूप हीच सुरक्षेतली फट ठरली होती. मायक्रोसॉफ्टचा निर्णय सुरक्षेच्या बाजूने योग्यच होता. पण त्यामुळे ज्याने रीतसर पैसे देऊन सीडी घेतली, त्याच्या हाती चकती उरली आणि खेळ गेला. कुलूप तोडलेली प्रत घेणाऱ्याला मात्र या अपडेटने काहीच फरक पडला नाही.

लिनक्सवाल्यांना हा धडा फार आधी मिळाला होता. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’चे काम १९९३ साली सुरू झाले. अशा कुलपापुढे गेमची भाषा समजून वाइनचे भागत नव्हते. विंडोजच्या गाभ्याचा जो भाग कुलपाला हवा, तोही नव्याने उभा करावा लागे.

तिसरा कागद या सगळ्यांत छोटा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. ‘डूम’ हा गेम १९९३ सालचा. २३ डिसेंबर १९९७ ही तारीख घालून इड सॉफ्टवेअरच्या जॉन कारमॅक यांनी त्याच्या सोर्स कोडसोबत एक टिपण जोडले. हा कोड फक्त लिनक्सवर चालतो, असे त्यात सरळ लिहिले आहे. कारणही दिले आहे: डॉसच्या आवृत्तीत आवाजासाठी वापरलेली लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती, त्यामुळे तो कोड खुला करणे शक्य नव्हते. हे टिपण नीट वाचावे. लाखो लोक ज्यावर खेळले तो डॉसचा कोड मालकीच्या अडचणीत अडकला. डेव्ह टेलर यांनी १९९४ साली मोजक्या लोकांसाठी लिनक्सवर उतरवलेली आवृत्ती होती, म्हणून द्यायला काही तरी उरले. १९९९ साली तोच कोड जीपीएल या खुल्या परवान्याखाली आला आणि त्याच्या पोटी निघालेल्या आवृत्त्यांवर डूम आजही चालतो. ज्या खेळाडूंना बाजारपेठ म्हणून कोणी मोजत नव्हते, त्यांच्यासाठी केलेल्या कामाने तो खेळ वाचवला.

व्यापाराने मात्र त्यांना साथ दिली नाही. विंडोजवरचे गाजलेले गेम लिनक्सवर आणून खोक्यांत घालून विकणारी ‘लोकी सॉफ्टवेअर’ १९९८ साली स्थापन झाली आणि जानेवारी २००२मध्ये बंद पडली. तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी घडवलेली ‘एसडीएल’ ही लायब्ररी खुली असल्याने कंपनीमागे उरली. आजही असंख्य गेम तिच्यावर उभे आहेत.

आता आपल्याकडचा कागद. आपल्या कॉपीराइट कायद्याने १९८४च्या दुरुस्तीपासून कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृती मानले आहे. गेमचा प्रोग्रॅम आपल्या कायद्याने कथा-कादंबरीच्या पंगतीत बसतो. कायदा दिसतो तितका कठोर नाही. कलम ५२ प्रमाणे प्रोग्रॅमची रीतसर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून दुसरी प्रत करता येते. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी आणि सहज न मिळणारी माहिती शोधून काढण्याची मुभाही १९९९च्या दुरुस्तीने दिली. वाइनसारखे काम नेमके याच वाटेने जाते. २०१२ साली आलेले कलम ६५-अ कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. वैध कारणासाठी दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची, एवढीच अट आहे. म्हणजे आपल्या गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने टेबलावर एक वही ठेवली आणि गिऱ्हाइकाची विकत घेतलेली, अडकलेली सीडी चालू करून दिली, तर कायद्याच्या शब्दांत त्याला जागा आहे. ही जागा सामान्य माणसाला माहीत व्हायला हवी.

ग्रंथालयाला मात्र ती जागा नाही. १९५४च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईची एशियाटिक सोसायटी यांच्यासह ठरलेल्या ग्रंथालयांना द्यावी लागते. तो कायदा पुस्तके आणि वृत्तपत्रांपुरता आहे. गेम त्यात येत नाही. २०१२ सालीच कलम ५२मध्ये आणखी एक पोटकलम आले: बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कृती डिजिटल रूपात साठवता येईल, मात्र तिची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीच असली पाहिजे. कागदी पुस्तकासाठी ही तरतूद चांगली आहे. सीडीवरच जन्मलेल्या गेमची डिजिटल नसलेली प्रत आणायची कुठून?

पुढे दिवस पालटले. फेब्रुवारी २०१३मध्ये ‘स्टीम’ हे गेमचे ऑनलाइन दुकान लिनक्सवर आले, ऑगस्ट २०१८मध्ये वाइनवरच उभे असलेले ‘प्रोटॉन’ आले आणि विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर चालू लागले. पण कुलूपही सीडीवरून उठून कंपनीच्या सर्व्हरवर गेले. ऑक्टोबर २०२४मध्ये ‘एपेक्स लेजंड्स’ या ऑनलाइन गेमने फसवे खेळाडू रोखण्याचे कारण देऊन लिनक्सवाल्यांसाठी दार बंद केले, त्या दिवसापर्यंत त्यांचा खेळ नीट चालत होता. उद्या सर्व्हरच बंद झाला, तर हाती ठेवायला चकतीसुद्धा नसेल.

म्हणून मागणी साधी आहे. ज्याला कायदा साहित्य म्हणतो, त्याची कुलूप नसलेली एक प्रत ग्रंथालयात जमा व्हावी, आणि जतनाच्या त्या पोटकलमातली ‘डिजिटल नसलेली’ ही अट निघावी. मग कल्याणच्या किंवा ठाण्याच्या वाचनालयात पुढच्या शतकातला एखादा मुलगा आपल्या पणजोबांचा खेळ मागायला येईल, तेव्हा ग्रंथपालाला तो पुस्तकासारखाच काढून देता येईल.