ठराव, तळं आणि मत

महाडात चवदार तळ्याचा इतिहास सगळे २० मार्च १९२७ पासून सांगतात. मी शाळेत शिकवत होते तेव्हा तो ५ जानेवारी १९२४ पासून सांगायचे. त्या दिवशी महाड नगरपालिकेने ठराव करून हे तळं अस्पृश्यांना खुलं केलं. त्याला आधार होता मुंबई कायदेमंडळाच्या ठरावाचा. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मांडला होता आणि तो ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर झाला होता. महाडच्या सभागृहाने तो आपल्या गावापुरता मान्य केला. सुरबानाना टिपणीसांसारखी समतेच्या बाजूची माणसं तेव्हा गावाच्या कारभारात होती, हे विसरू नये.

पण ठराव वहीतच राहिला. तीन वर्षं तळ्यावर काहीही बदललं नाही. ढोरं पाणी पीत होती, परगावचे वाटसरू पीत होते, आणि ज्यांच्यासाठी ठराव झाला ती माणसं लांबूनच जात होती.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी ती उभी करण्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून लोक रांगेने तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी मान्य केलेली गोष्टच त्यांनी केली. पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे: वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या आणि नंतर शेण-गोमूत्राने तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं.

मला मात्र त्यानंतरची तारीख जास्त अस्वस्थ करते. ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. लाठी नाही, दंगा नाही. सभा भरली, विषय निघाला, मतं मोजली गेली आणि माणसांच्या पाण्याचा हक्क गेला.

हे करणाऱ्या सभासदांना पुढच्या निवडणुकीची भीती वाटायचं कारण नव्हतं. तेव्हा मताचा हक्क घर, मालमत्ता आणि करावर बेतलेला होता. तळ्याभोवतीच्या घरांना मत होतं. महारवाड्यातल्या, चांभारवाड्यातल्या बहुतेकांना नव्हतं. माझ्या पणजोबांचं घर तळ्यापासून दोन आळ्यांवर होतं. घरपट्टीची पावती त्यांच्या नावाची, म्हणून त्यांना मत होतं. ते त्यांनी कोणाला दिलं हे आमच्या घरात कधी बोललं गेलं नाही. तळ्याच्या गोष्टीही आमच्याकडे फार सांगितल्या जात नसत. ते मौन मला अजून टोचतं.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडात दुसरी परिषद भरली. गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली, आणि तीच गोष्ट पुढे सर्वांच्या तोंडी झाली. पण त्याच परिषदेत माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामाही मंजूर झाला. बाबासाहेबांनी भाषणात १७८९ सालच्या फ्रान्समधल्या सभेशी या सभेची तुलना केली. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला १० डिसेंबर १९४८ ला. त्याच्या एकवीस वर्षं आधी आमच्या या तालुक्याच्या गावात, मांडवाखाली बसलेल्या, बव्हंशी निरक्षर माणसांनी जन्माने सर्व माणसं समान आहेत असं ठरवलं होतं.

तळ्याचा सत्याग्रह मात्र तेव्हा थांबवावा लागला. सवर्णांनी तळं खाजगी असल्याचा दावा लावून मनाई हुकूम आणला होता, आणि बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखला. खटला नऊ वर्षांहून अधिक चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांनी निकाल दिला. तळं चार-पाच एकरांचं, चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, काठच्या घाटपायऱ्या मात्र अनेक ठिकाणी घरमालकांच्या, हे सगळं त्यात नोंदलेलं आहे. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही आणि त्यांचं अपील फेटाळलं गेलं.

सभागृहाने दिलेलं आणि सभागृहानेच काढून घेतलेलं पाणी असं कोर्टातून परत मिळालं. ज्यांना मत नाही त्यांचा हक्क असा जाऊ शकतो, हा धोका बाबासाहेबांना आधीच दिसला होता. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी मांडलं होतं की मताधिकार म्हणजे आपल्या सामाईक जगण्याच्या अटी ठरवण्यातला वाटा. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. घटनेने तो दिला. पुढे ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना नगरपालिकांत राखीव जागा आल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला.

त्या दुरुस्तीबरोबर घटनेत आलेली बारावी अनुसूची प्रत्येक मतदाराने एकदा वाचावी असं मला वाटतं. तिच्यात नगरपालिकांकडे सोपवता येणारे अठरा विषय आहेत: पाणीपुरवठा, सफाई, झोपडपट्टी सुधारणा, स्मशानं, दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण. माणसाचा मान राखला जातो की नाही हे दिल्लीपेक्षा या यादीवर अधिक ठरतं. नळाला पाणी कोणत्या वस्तीत किती वाजता येतं, कोणाची प्रेतं कुठे जाळू देतात, हे नगरसेवक ठरवतात.

राज्यातल्या पुष्कळ नगरपालिकांवर गेली काही वर्षं प्रशासक होते. निवडणूक येणार म्हटल्यावर शेजारची मुलगी मतदार यादी घेऊन आली. नगरपालिकेसाठी तिचं हे पहिलंच मतदान. “बाई, विधानसभेला एकच बटण होतं. इथे किती?” मी तिला समजावलं: प्रभागात जितक्या जागा तितकी मतं, वर थेट नगराध्यक्षाचं एक, एखाद्या जागेसाठी एकही उमेदवार नको असेल तर तिथे ‘नोटा’, पण सगळी बटणं दाबल्याशिवाय मतदान पुरं होत नाही. निवडणुकीच्या ड्युटीवर असताना एक बटण दाबून निघालेल्या कितीतरी बायकांना मी परत बोलावलं आहे. यादीत तिच्या आजीचं नाव दुसऱ्याच प्रभागात गेलेलं सापडलं. हरकतीची मुदत होती, अर्ज लिहून दिला.

मग उमेदवारांना विचारायचे प्रश्न आम्ही एका कागदावर काढले. जुलै २०२१ च्या पुरानंतर गावभर साचलेला चिखल ज्या सफाई कामगारांनी उपसला, त्यांच्यासारख्यांना ठेकेदार किमान वेतन देतो का, आणि ते कोण तपासतं? गटारात माणूस उतरवायला कायद्याने बंदी आहे. यंत्र आहे का? नदीकाठच्या वस्तीतल्या भाडेकरूंना नळजोडणी मिळते का, की घरमालकाच्या सहीसाठी अडते? शेवटचा प्रश्न तिने सुचवला: निवडून आल्यावर सभागृहात कोणत्या ठरावावर कसं मत दिलं, हे प्रभागात येऊन सांगणार का?

कागद तिने फोनमध्ये टिपून घेतला आणि मैत्रिणींना पाठवला. रविवारी पहिला उमेदवार आळीत येणार आहे.